चेक परत आला? आधी तारखा मांडा

द्राक्षाचा हंगाम सरत आला की तासगाव, निफाड, दिंडोरीकडच्या वकिलांकडे एका ठरावीक प्रकारचा पक्षकार येतो. हातात चेक, चेकला टाचलेला बँकेचा रिटर्न मेमो आणि तोंडी एकच प्रश्न: केस करायला किती खर्च येईल? प्रश्न रास्त आहे, उत्तरही पुढे येईलच. पण जाणता वकील त्याआधी मेमोवरची तारीख बघतो. चेकच्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त काम नोटिशीचं, आणि उशीर झाला तर कोर्टालाही माफ करता येत नाही असं कामही तेच. पुढे कुठे चुकलं तर काही ना काही वाट निघते. नोटिशीचा तिसावा दिवस उलटला की त्या मेमोवरचा फौजदारी दावा संपला.

द्राक्षवाल्याच्या जागी उधारीवर फर्निचर करून दिलेला सुतार ठेवा, ऊसतोडीच्या मुकादमाला उचल दिलेला वाहतूकदार ठेवा, नाहीतर मेहुण्याला हातउसने दिलेला शिक्षक ठेवा. हिशेब तोच.

चेक न वटणं हा गुन्हा झाला १ एप्रिल १९८९ पासून. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये कलम १३८ तेव्हा आलं. सुरुवातीला नोटिशीला पंधराच दिवस मिळत. ६ फेब्रुवारी २००३ पासून ते तीस झाले. गावातले एखादे जाणकार काका अजूनही ‘पंधरा दिवसांत नोटीस गेली पाहिजे’ असं ठासून सांगतात. काकांचा कायदा जुना आहे, पण त्यांचं ऐकून कोणाचं नुकसान होत नाही. नुकसान करतो तो ‘महिनाभर आहे की वेळ’ म्हणणारा.

चार मुदती, एका उदाहरणात

तासगावचा एक बागायतदार समजू. व्यापाऱ्याने त्याला १,८०,००० रुपयांचा, २ फेब्रुवारी २०२६ तारखेचा चेक दिला.

पहिली मुदत चेकची स्वतःची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०१२ पासून चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. म्हणजे हा चेक एप्रिलअखेरपर्यंत निश्चिंत बँकेत टाकता येईल. कायद्याच्या पुस्तकात सहा महिने दिसतील. तिथेच पुढे ‘किंवा चेकची वैधता, यांपैकी जे आधी संपेल ते’ असंही आहे, त्यामुळे आज तीनच महिने धरायचे.

चेक बँकेत टाकला आणि १० फेब्रुवारीला ‘फंड्स इन्सफिशियंट’ म्हणून परत आला. आता दुसरी मुदत सुरू झाली. चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. माहिती मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. ११ फेब्रुवारी हा पहिला दिवस, तर तिसावा येतो १२ मार्चला. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा म्हणून इथे दोन दिवस वाढून मिळाले. तोच चेक १० मार्चला परतला असता तर शेवटचा दिवस ९ एप्रिल, १० एप्रिल नव्हे. एकतीस दिवसांच्या महिन्यातला तो एक दिवस पुष्कळांना भोवतो.

बागायतदाराने २४ फेब्रुवारीला नोटीस पोस्टात टाकली आणि व्यापाऱ्याला ती २७ तारखेला मिळाली. तिसरी मुदत व्यापाऱ्याची: नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. २७ सोडून मोजलं तर पंधरावा दिवस १४ मार्च. तोवर पैसे आले तर गुन्हाच घडला नाही. नाही आले तर १५ मार्चला फिर्यादीचं कारण उत्पन्न झालं.

चौथी मुदत तिथून एक महिना, आणि इथे मात्र महिना कॅलेंडरचा, तीस दिवसांचा नव्हे. १५ मार्च सोडून एक महिना, म्हणजे १५ एप्रिलपर्यंत फिर्याद दाखल व्हायला हवी. मोजणीची ही रीत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या साकेत इंडिया प्रकरणात सांगितली आणि २०१३ मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी कायम केली. आता १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुटी. शेवटच्या दिवसाच्या आशेवर कागद घेऊन बसलेला माणूस आदल्या दिवशी कोर्टाबाहेर उभा राहतो तो असा.

घाईही नडते. पंधरा दिवस पुरे होण्याआधीच फिर्याद टाकली तर ती चालत नाही, असं २०१४ च्या योगेंद्र प्रताप सिंग निकालात स्पष्ट झालं. ‘हा देणार नाहीच, मग कशाला थांबायचं’ हा युक्तिवाद व्यवहारात पटतो, कोर्टात नाही.

तारीख एसएमएसची धरा

कायद्याचे शब्द ‘बँकेकडून माहिती मिळाल्यापासून’ असे आहेत. पूर्वी माहिती म्हणजे मेमो. तो शाखेतून हातात यायला आठवडा लागायचा आणि मुदत तिथून मोजली जायची. आता चेक परतला की मोबाईल वाजतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेकचं क्लिअरिंग दिवसभर सतत चालतं, त्यामुळे सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी परतल्याचा निरोप येऊ शकतो. आपल्या बागायतदाराला १० फेब्रुवारीला एसएमएस आला आणि मेमो शाखेत जाऊन १८ तारखेला घेतला. १८ पासून मोजलं तर शेवटचा दिवस २० मार्च, एसएमएसपासून मोजलं तर १२ मार्च. १७ मार्चला नोटीस टाकून मग खटल्यात ‘आम्हाला मेमो १८ ला मिळाला’ हे सिद्ध करत बसण्यात काहीच शहाणपण नाही. समोरचा वकील पहिल्या उलटतपासणीत मोबाईल नंबर खात्याला जोडलेला आहे का हेच विचारेल. एसएमएस, ईमेल, पासबुकातली नोंद, मेमो, यांतली सगळ्यात आधीची तारीख घ्या आणि तिथून मोजा.

मेमो मात्र हवाच. बँकेचा शिक्का किंवा अधिकृत खूण असलेला मेमो दाखवला की चेक वटला नाही हे कोर्ट गृहीत धरतं. मेमोवर कारण काय लिहिलंय तेही वाचा. शिल्लक अपुरी, मर्यादेपेक्षा रक्कम जास्त, खातं बंद, ‘पेमेंट स्टॉप्ड’, सही जुळत नाही, ही कारणं कलम १३८ च्या वाटेवर बसतात. शेवटची दोन ‘तांत्रिक’ म्हणून सोडून देऊ नका. चेकवर तारीखच नाही, आकडा आणि अक्षरं जुळत नाहीत, असलं कारण असेल तर नोटीस राहू दे, आधी नवा चेक मागा.

नोटीस: काय लिहायचं, किती पैसे

नोटीस वकिलानेच द्यावी असं कायद्यात कुठेही नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतः सही करून दिलेली नोटीस चालते. व्यवहार कोणता, चेकचा नंबर, तारीख, बँक, रक्कम, कधी आणि कोणत्या कारणाने परतला, आणि ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम द्या ही स्पष्ट मागणी. एवढं पुरे. धमक्या, शिव्याशाप, ‘अटक करवू’ वगैरे मजकुराने कागद भरतो, केस भरत नाही.

रकमेवर मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. मागणी चेकच्या रकमेचीच हवी, रुपयाने कमी नाही, जास्त नाही. सप्टेंबर २०२५ च्या कावेरी प्लास्टिक्स निकालात एक कोटीच्या चेकसाठी नोटिशीत दोन कोटींची मागणी गेली होती. टायपिंगची चूक आहे, चेकचा बाकी तपशील बरोबर आहे, असं सांगून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही, नोटीसच अवैध ठरवली. व्याज, नोटिशीची फी, मनस्तापाची भरपाई मागायची असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्यात मागा. ‘चेकची रक्कम १,८०,००० रुपये’ हे वाक्य एकटं, स्वच्छ उभं राहिलं पाहिजे. आणि जुनी नोटीस कॉम्प्युटरवर उघडून नावं बदलण्याची सवय असलेल्या टायपिस्टकडून ती घेताना आकडा स्वतः वाचा.

चेक दिल्यानंतर समोरच्याने मध्येच काही पैसे दिले असतील तर? हे फार होतं: दोन लाखांचा चेक पडून आहे, दरम्यान फोनवरून चाळीस हजार आले, मग भांडण झालं आणि चेक पूर्ण रकमेसाठी टाकला. २०२२ च्या दशरथभाई पटेल निकालाप्रमाणे तो चेक मग खऱ्या देण्याचा राहत नाही आणि कलम १३८ लागत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठी तो टाकता येतो. त्याहून सोपं म्हणजे उरलेल्या रकमेचा नवा चेक मागून घेणं.

कोणाला पाठवायची? चेकवर सही ज्याची त्याला. खातं नवरा-बायकोचं जोडखातं असलं तरी सही एकट्या नवऱ्याची असेल तर बायकोला आरोपी करता येत नाही. २०१३ च्या अपर्णा शाह निकालाने तो प्रश्न मिटवला आहे. चेक कंपनीचा असेल तर आधी कंपनीला, मग सही करणाऱ्या आणि कारभार बघणाऱ्या संचालकांना, प्रत्येकाला वेगळी. कंपनीला सोडून फक्त संचालकाला नोटीस दिलेली प्रकरणं पुढे कोसळतात. इथे पोस्टाचे पन्नास-साठ रुपये वाचवू नयेत.

पोस्टाचा खर्च एवढाच आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. ‘रजिस्टर एडी’ असं अजून सगळे म्हणतात, पण खिडकीवर मिळतं ते स्पीड पोस्ट आणि त्यावर नोंदणीची सेवा. ऑक्टोबर २०२५ च्या दराने पन्नास ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये, नोंदणीचे ५ रुपये, वर जीएसटी. पोचपावती घेतली तरी दोन-तीन पानांची नोटीस एका पत्त्याला शंभर रुपयांच्या आत जाते. घराचा, दुकानाचा, चेकवरच्या खात्याचा असे दोन-तीन पत्ते माहीत असतील तर सगळीकडे पाठवा. पावती जपा आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून घ्या. ते संकेतस्थळावर कायम राहत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर दिलेली नोटीस अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केली आहे. जरूर पाठवा, पण पोस्टाच्या जोडीला. निळ्या खुणांवर खटला उभा करायची हौस दुसऱ्या कोणाला करू दे.

नोटीस घेतलीच नाही तर? ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’, ‘मुदतीत नेली नाही’ असे शेरे मारून पाकीट परत आलं तरी, पत्ता बरोबर असेल तर बजावणी झाली असं धरलं जातं. २००७ च्या अलवी हाजी निकालाने पुढे असंही सांगितलं की नोटीस खरोखर मिळाली नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत आणि मोकळं व्हावं. तेही न करणाऱ्याने ‘मला नोटीस मिळाली नाही’ ही सबब पुढे करू नये. परत आलेलं पाकीट फोडू नका. ते बंदच कोर्टात दाखल करायचं असतं.

वकिलाकडून नोटीस काढायची तर फी तालुक्याच्या गावी साधारण हजार-दोन हजारांपासून सुरू होते. पुण्या-मुंबईत ती सहज चार-पाच पट होते. नोटीस आणि फिर्याद एकाच वकिलाकडे असेल तर पुष्कळ जण नोटिशीची फी पुढच्या फीत वळती करतात. विचारायला लाजू नका.

कोर्टात गेल्यावर

खरा खर्च इथून. महाराष्ट्रात या फिर्यादीची कोर्ट फी चेकच्या रकमेबरोबर चढत जाते, आणि ती सुरुवातीलाच भरावी लागते. म्हणून नोटिशीच्या दिवशीच वकिलाकडून कोर्ट फीचा आकडा कागदावर लिहून घ्या. पंधरा दिवस संपल्यावर पैशांची जुळवाजुळव सुरू करणाऱ्यांचा महिना बघता बघता जातो. त्याशिवाय वकीलपत्राचं तिकीट, प्रतिज्ञापत्राची नोटरी, समन्सचा खर्च आणि झेरॉक्स. हे सगळं मिळून हजार-दोन हजारांत बसतं.

वकिलाच्या फीच्या दोन पद्धती आहेत. एक ठोक, म्हणजे निकालापर्यंत अमुक, हप्त्यांनी. दुसरी दर तारखेला. कायदा म्हणतो सहा महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न व्हावा; प्रत्यक्षात वर्षं जातात. त्यामुळे दर तारखेची फी सुरुवातीला कमी वाटते आणि तिसऱ्या वर्षी चेकच्या रकमेशी स्पर्धा करू लागते. माझ्या मते लहान चेकच्या प्रकरणात ठोक फीच बरी, तीही कोणत्या टप्प्याला किती हे लिहून. पंचवीस हजारांच्या चेकसाठी चाळीस हजारांची फी मान्य करून बसलेली माणसं कमी नाहीत. त्यांचा राग समजतो, हिशेब समजत नाही.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असतं.

कोणत्या कोर्टात जायचं हा एकेकाळी मोठा प्रश्न होता. २०१४ च्या दशरथ राठोड निकालाने हजारो फिर्यादी चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी धाडल्या होत्या. तासगावच्या माणसाने दिल्लीला किंवा कोलकात्याला तारखांना जायचं, असा तो प्रकार. २०१५ च्या दुरुस्तीने तो संपला. चेक तुम्ही खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. व्यापारी परराज्यातला असला की ही दुरुस्ती सोन्यासारखी.

खटला चालू असताना कोर्ट आरोपीला चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. ही तरतूद २०१८ ची. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि हा अर्ज फीच्या बोलणीत धरलाय का ते विचारून घ्या. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण बहुतेक फिर्यादींना तुरुंगात कोणी जावं यात रस नसतो, पैसे हवे असतात, आणि म्हणूनच यातली बरीच प्रकरणं लोक अदालतीत मिटतात. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि ठरलेले पैसे आले नाहीत तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो.

मुदत चुकलीच तर

फिर्यादीच्या महिन्याला उशीर झाला असेल तर सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज करता येतो. दवाखान्याचे कागद, प्रवासाची तिकिटं, जे असेल ते जोडा.

नोटिशीचे तीस दिवस गेले असतील तर माफी नाही, पण चेकचे तीन महिने अजून शिल्लक असतील तर चेक पुन्हा बँकेत टाका. पुन्हा परतला की नवा मेमो, नवे तीस दिवस. २०१२ च्या एमएसआर लेदर्स निकालाने हे मान्य केलं आहे. बागायतदाराने १२ मार्च चुकवला असता तरी एप्रिलमध्ये त्याला ही संधी होती. बँक परतीचे काहीशे रुपये कापेल, कापू दे.

तीन महिनेही गेले तर फौजदारी वाट बंद. उरतो दिवाणी दावा, देणं झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. लेखी करार किंवा चेकवर आधारलेला असल्याने तो समरी सूट, म्हणजे संक्षिप्त पद्धतीचा दावा, म्हणून टाकता येतो. त्याची कोर्ट फी वेगळी.

नोटीस तुम्हालाच आली असेल तर

पाकीट घ्या. न घेतल्याने पंधरा दिवस थांबत नाहीत. देणं खरं असेल तर पंधराव्या दिवसाच्या आत चेकची रक्कम खात्यावर पाठवा, रोख देऊ नका. यूटीआर नंबर असलेली पावती आणि ‘चेक नंबर अमुकपोटी’ असा मजकूर सोबत हवा. नोटिशीत मागितलेलं व्याज आणि वकील फी या मुदतीत दिली नाही म्हणून गुन्हा होत नाही. देणं खोटं असेल, चेक तारणासाठी दिलेला असेल आणि कर्ज फिटलं असेल, तर त्याच पंधरा दिवसांत कागदपत्रांसह लेखी उत्तर द्या. ‘कोरा चेक सही करून दिला होता’ एवढंच लिहून भागत नाही. सही तुमची असेल तर चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं आणि उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

तडजोड लांबवण्याचीही किंमत ठरलेली आहे. गोव्याच्या एका प्रकरणात, संजबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे दर सांगितले. बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी चेकची रक्कम भरली तर वर काही नाही. त्यानंतर, निकालाआधी भरली तर चेकच्या पाच टक्के जास्तीचे विधी सेवा प्राधिकरणाकडे. सत्र किंवा उच्च न्यायालयात गेल्यावर साडेसात टक्के, दिल्लीपर्यंत गेलात तर दहा. शिवाय शिक्षेविरुद्ध अपील करताना दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायला अपील न्यायालय सांगू शकतं, ते वेगळंच. एक लाख ऐंशी हजारांच्या चेकवर साडेसात टक्के म्हणजे साडेतेरा हजार रुपये, आणि ते पैसे बागायतदारालाही मिळत नाहीत.